गंठण आणि कर्जाचा रकाना

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बचत गटाच्या बैठकीत कुणीतरी हटकून विषय काढतंच, "वैनी, तुम्ही निवडणूक लढवलीय. पुढाऱ्यांनी आपली इस्टेट जाहीर करायलाच पाहिजे का? घरातली गोष्ट की ती!"

२०१७ ला तासगाव पंचायत समितीचा आमचा गण महिलांसाठी राखीव होता, म्हणून ह्यांनी मला उभं केलं. (हो, केलं. "मी उभी राहिले" म्हणायची तेव्हा टाप नव्हती.) अर्जासोबत शपथपत्र लागतं. वकील एकेक रकाना वाचत होते, माझा आणि ह्यांचा. हातातली रोकड, ठेवी, विमा, गाडी, दागिने, शेत, घर. मी दागिन्यांत चार तोळ्यांचं गंठण सांगितलं. शेवटी कर्जाचा रकाना आला. "सोसायटीचं पीककर्ज," हे म्हणाले. मग खाली बघत, "आणि एक सोनेतारण."

माझं गंठण लॉकरात आहे असं मी दोन वर्षं धरून चालले होते. गारपिटीत बाग गेली तेव्हा औषधवाल्याची उधारी फेडायला ते गहाण पडलेलं. वकिलांनी पेन थांबवलं. मी म्हटलं, लिहा.

शपथपत्र फलकावर लागलं आणि दोन दिवसांत गावभर झालं. पाणवठ्यावर बायका माझ्या गळ्याकडे बघायच्या. लाज वाटली, खोटं कशाला सांगू. निवडणूकही हरले.

तरी माझं उत्तर एकच : करायलाच पाहिजे. मत मागायला दारात आला तो, त्याच्या दारात आपण गेलो नव्हतो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलंय, की उमेदवाराची मालमत्ता आणि गुन्हे जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. संसदेने कायदा करून त्याला कात्री लावायला बघितली, तर २००३ मध्ये न्यायालयाने तेही कलम रद्द केलं. आता उत्पन्नाचा स्रोतही लिहावा लागतो.

आमदार-खासदारांची शपथपत्रं आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. मी दुपारी मोबाइलवर एकाचीच दोन निवडणुकांची शेजारी-शेजारी लावून बघते. स्रोत बहुतेकदा तोच, शेती आणि व्यवसाय. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. आमच्या द्राक्षबागेला अवकाळी गाठतो, दावण्या रोग गाठतो. पुढाऱ्यांच्या शेतीला दावण्या कधी लागतच नाही. कोणतं औषध मारतात, एकदा विचारायचंय.

खोटं लिहिलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, असं कायद्यात आहे. पण कागद समोर येतो पाच वर्षांनी. आमच्या गटात पासबुक दर महिन्याला मोठ्याने वाचतात, शंभर रुपये इकडचे तिकडे झाले तरी बायका उठून उभ्या राहतात.

गंठण सुटायला पुढे तीन हंगाम गेले. आता लॉकरची किल्ली माझ्या पर्समध्ये असते.