भारी

मराठीत आपण कशालाही 'भारी' म्हणतो. मिसळ भारी, सिनेमा भारी, शेजाऱ्याची नवी गाडी तर भारीच. नेपाळीत भारी म्हणजे पाठीवरचं ओझं. गवताची भारी, लाकडाची भारी, दगडांची भारी. लिपी एकच असली की असे घोटाळे होतात. काठमांडूतल्या पाट्या घडाघडा वाचता येतात, निम्म्या कळतातही, त्यामुळे आपल्याला नेपाळी येतं हा गैरसमज दोनेक दिवस टिकतो. माझा तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फिटला, सिंधुपाल्चोकच्या डोंगरात.

नोव्हेंबर २०१७. २५ एप्रिल २०१५च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपात सगळ्यात जास्त माणसं याच जिल्ह्यात गेली. शनिवार होता, तिकडे तो सुट्टीचा वार, म्हणून शाळा तरी रिकाम्या होत्या. अडीच वर्षांनंतरही कितीतरी घरं पत्र्याखालीच होती. सरकार तीन लाख नेपाळी रुपये देत होतं, पण तीन हप्त्यांत. आधीचं काम तपासून झालं की पुढचा हप्ता. अशाच एका अडलेल्या घरासाठी पुण्याहून आम्ही अकरा जण आठ दिवसांच्या श्रमदानाला गेलो होतो. माझ्या विमानाच्या तिकिटात तिथल्या मजुराचे किती रोज भरले असते, हा हिशेब मी एका रात्री केला. कुणाला सांगितला नाही.

काम अगदी सोपं होतं. पडलेल्या घराचे दगड खालच्या नव्या जोत्यापर्यंत न्यायचे, बस. आपल्याकडे डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, आणि सगळी कसरत मानेची. तिथे पाठीवर डोको, म्हणजे खाली निमुळती होत जाणारी बांबूची टोपली, आणि तिला आधार नाम्लोचा. हा पट्टा कपाळाच्या जरा वर बसतो आणि अख्खं ओझं डोक्याने ओढून धरायचं असतं. घरमालकीण पन्नाशीची. सगळे तिला दिदी म्हणायचे, मीही. तिने माझा डोको भरला, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि दोन दगड काढून घेतले. पुन्हा न्याहाळलं. आणखी एक काढला.

"बिस्तारै, भाइ," ती म्हणाली. म्हणजे हळू.

हळू नाहीतर काय, पळणार होतो? चढण दम काढते, पण उतरण थेट गुडघ्यांशी बोलते. माझी एक खेप व्हायची तेवढ्यात दिदीच्या दोन, आणि मधल्या वेळात ती कोंबड्यांवर ओरडूनही यायची. समोर अख्खा जुगल हिमाल उन्हात उभा होता म्हणे. नाम्लो लावल्यावर मान वर होत नाही. हिमालय बघायला गेलेल्या माणसाने दिवसभर स्वतःचे बूट बघितले.

दहा वाजता दालभात झाला आणि माझी बदली झाली. कुणी काही बोललं नाही. गवंडीदाईंनी (नेपाळीत दाई म्हणजे थोरला भाऊ) नुसतं बोटाने शेजारी बसायला सांगितलं. मातीत बांधकाम चाललं होतं. दाई दगड उचलायचे, हातात दोनदा फिरवायचे, हातोडीने एक कोपरा उडवायचे आणि ठेवायचे. मग वरून अंगठा दाबायचा. दगड डुगडुगला की हात माझ्यापुढे: कपची. हव्या त्या जाडीची मिळेपर्यंत हात तसाच. सुरुवातीला मी मूठभर कपच्या पुढे करायचो, ते त्यातली एक निवडायचे, कधी एकही नाही. दुपारपर्यंत मला दगडाखालची फट बघून जाडी कळायला लागली. आठ दिवसांत मला आलेली विद्या ती एवढीच.

मध्येच दाईंनी एक लांबट दगड आडवा टाकला, भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत. तसाच दुसरा, थोड्या अंतरावर. हे का, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, सोलापुरात. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून आलो होतो, वडिलांनी झोपेतून उचलून रस्त्यावर नेलं. पुढे कितीतरी वर्षं घरात एकच विषय: तिकडच्या जाड भिंती. बाहेरून एक थर, आतून एक, मध्ये माती आणि बारीक दगड, आणि दोन थरांना धरून ठेवणारं काहीच नाही. हलल्यावर दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि माणसं झोपेतच गाडली गेली. तो आडवा दगड म्हणजे दोन थरांनी धरलेला हात. मी उठून त्यावर तळवा ठेवला. दाईंना वाटलं, मी काम तपासतोय. जरा रागावलेच.

तीनला खाजा, म्हणजे कोरडे चिउरा आणि बटाट्याची झणझणीत भाजी. कोरडे पोहे चावताना कांदेपोह्यांची आठवण काढू नये, त्रास होतो. मग अंधार पडेपर्यंत पुन्हा कपच्या.

रात्री चुलीपाशी दिदीने कोदोचा ढिंडो वाढला. कोदो म्हणजे आपली नाचणी. वाढता वाढता तिचं लक्ष माझ्या कपाळाकडे गेलं. नाम्लोचा लाल पट्टा उमटला होता. ती उठली, वाटीत मोहरीचं तेल कोमट करून आणलं आणि न विचारता अंगठ्याने कपाळावर चोळायला लागली. धूर, उबदार तेल, पोटात नाचणी. माझे डोळे मिटले आणि तोंडून निघून गेलं, "भारी!"

अंगठा थांबला. डोळे उघडले तर दिदी दाराबाहेरच्या अंधारात, जिथे डोको पालथे घातले होते तिकडे बघत होती.

"भारी? अहिले?" ती म्हणाली. आत्ता? मग हसून तिने माझं डोकं पुन्हा पुढे ओढलं. "भोलि, भाइ, भोलि." उद्या.