उकळलेलं आयएल-10 आणि पिवळी प्लेट

आमच्या पुण्याच्या लॅबमध्ये प्रतिकारशक्तीला आवर कसा घातला जातो, यावर काम चालतं. इंटरल्युकिन-10, म्हणजेच आयएल-10, हे त्यातलं मुख्य प्रथिन. जंतूची चाहूल लागली की रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशी टीएनएफ हे दाह पेटवणारं प्रथिन सोडतात आणि दाह सुरू होतो. तो हाताबाहेर जाऊ नये ही जबाबदारी बरीचशी आयएल-10 वर असते. 1993 मध्ये ज्या उंदरांमधून त्याचं जनुक काढून टाकलं, त्यांच्या आतड्यांना सतत सूज राहिली. 2009 मध्ये काही तान्ह्या बाळांच्या आतड्याच्या गंभीर आजारामागे याच प्रथिनाच्या रिसेप्टरमधला, म्हणजे पेशीवर ते जिथे जोडलं जातं त्या जागेतला, दोष निघाला. म्हणून या प्रथिनाचा आकडा चुकीचा आला की मला चैन पडत नाही.

आम्ही वापरतो ते मानवी आयएल-10, पण तयार होतं ई. कोलाय जिवाणूमध्ये. अशा प्रथिनासोबत जिवाणूच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन येऊ शकतं, आणि मोनोसाइटला ते एका मिलिलिटरमध्ये ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहून कमी असलं तरी पुरतं. कुपीसोबतच्या कागदावर एका मायक्रोग्रॅम प्रथिनामागे एंडोटॉक्सिन 1 युनिटपेक्षा कमी असं लिहिलेलं असतं. तरीही मी प्रत्येकाला एक कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, लावायलाच लावते: 95 अंशाला तापवलेलं प्रथिन. प्रथिन तापून निकामी होतं, एंडोटॉक्सिन मात्र तेवढ्यानं मरत नाही. प्लेटमधल्या विहिरी, म्हणजे नमुने घालायचे छोटे खळगे, वाया जातात म्हणून मुलं कुरकुरतात, पण यावर मी तडजोड करत नाही.

त्या दुपारी आमची पीएचडीची विद्यार्थिनी एलायझाची प्लेट घेऊन आली. पेशींनी किती टीएनएफ सोडलं हे या चाचणीत रंगावरून कळतं: जितका गडद पिवळा, तितकं जास्त टीएनएफ. अ‍ॅसिड घातल्यावर निळा रंग पिवळा झाला होता. नुसत्या माध्यमाच्या, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवाच्या, विहिरी स्वच्छ, नुसत्या आयएल-10 च्या विहिरी जेमतेम पिवळसर. उकळलेल्या आयएल-10 च्या मात्र हळदीसारख्या गडद.

“मॅडम, मेलेलं प्रथिन जिवंत प्रथिनापेक्षा जास्त टीएनएफ कसं काढेल? मी लेबलं तर उलटी लावली नाहीत ना?”

“नाही गं, लेबलं बरोबर आहेत,” मी म्हटलं, कारण तोवर मला कोडं उलगडायला लागलं होतं. तिच्या नमुन्यात एंडोटॉक्सिन होतं, पण त्याच नमुन्यातलं जिवंत आयएल-10 त्याला दाबून धरत होतं. उकळल्यावर दाबणारं गेलं आणि पेटवणारं तेवढं मागे उरलं. म्हणजे नुसत्या आयएल-10 च्या विहिरीतला तो फिकट पिवळा, जो कोणीही पार्श्वभूमी म्हणून सोडून दिला असता, तोच खरा धोक्याचा होता. उकळलेला रकाना नसता तर हा प्रकार कधीच दिसला नसता. माझ्या अंगावर काटा आला.

तिचा पहिला संशय कुपीवर. कंपनीला कडक मेल लिहायला ती बसलीसुद्धा. मी तिला आधी सगळे द्रव तपासायला लावले. हॉर्सशू क्रॅब या समुद्री जिवाच्या रक्तपेशींपासून बनवलेलं, एंडोटॉक्सिन ओळखणारं एलएएल किट आमच्याकडे होतं. नमुना नळीत घालायचा, 37 अंशाला तासभर ठेवायचा, मग नळी हलक्या हातानं पूर्ण उलटी करायची. आत गोळा जमून जागच्या जागी राहिला, तर एंडोटॉक्सिन आहे. माध्यमाची नळी उलटी केली, द्रव खाली वाहिला. त्याच लॉटची न उघडलेली कुपी एंडोटॉक्सिनमुक्त पाण्यात विरघळवली होती. तिचाही द्रव वाहिला. प्रथिन पातळ करायला वापरलेल्या बफर या द्रावणाची नळी उलटी केली, तर जेली तळाला घट्ट चिकटून. विद्यार्थिनीनं ती नळी दोनदा फिरवून बघितली.

त्या बफरमध्ये मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम बोवाइन अल्ब्युमिन, म्हणजे गाईच्या रक्तातलं एक प्रथिन, असतं, प्रथिन नळीच्या भिंतीला चिकटून वाया जाऊ नये म्हणून. पेशींसाठीचं, एंडोटॉक्सिन कमी असलेलं अल्ब्युमिन संपलं होतं आणि कोणीतरी वेस्टर्न ब्लॉट या प्रथिनं ओळखायच्या, पेशी न लागणाऱ्या चाचणीसाठीच्या बाटलीतून बफर बनवलं होतं. ब्लॉटला त्यानं काही फरक पडत नाही, मोनोसाइटला पडतो. संध्याकाळीच आम्ही पेशी पुन्हा लावल्या: उकळलेला नमुना, सोबत एंडोटॉक्सिनला बांधून ठेवणारं पॉलिमिक्सिन बी, आणि नुसतं बफर. दुसऱ्या दिवशी पॉलिमिक्सिनच्या विहिरी जवळजवळ रंगहीन होत्या आणि नुसतं बफर उकळलेल्या नमुन्याइतकंच पिवळं. कंपनीला मेल गेली नाही.

आता बफरसाठी प्लेटवर स्वतंत्र रकाना असतो, आणि ब्लॉटचं अल्ब्युमिन दुसऱ्या खोलीतल्या फ्रीजमध्ये. जुन्या नोंदी चाळून त्या बफरवरच्या सगळ्या प्लेट आम्ही बाजूला काढल्या. त्यातला एकही आकडा तिच्या प्रबंधात जाणार नाही. त्या पेशी रक्तपेढीतून, दात्यांच्या संमतीनं मिळालेल्या रक्तातल्या होत्या. त्या अशा गेल्या, याचं मला अजून वाईट वाटतं.