बाईंनी आणलेलं माकूल

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं निमंत्रण आलं आणि डोळ्यांपुढे उभी राहिली ती तिसऱ्या मजल्यावरची प्रयोगशाळा आणि आपल्या विज्ञानाच्या बाई. नाव लिहीत नाही, तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

१९८६ साली आम्ही दहावी 'ब'मध्ये होतो. उत्क्रांतीचा धडा चालू होता. ठाकुरद्वारला माझ्या बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. रात्री त्यांना धडा सांगितला, तर म्हणाले, "घड्याळ आपोआप जुळत नाही रे. बसवणारा हात लागतो. मग डोळा कसा आपोआप होईल?" मी वर्गात तेच विचारलं. पोरं हसली, बाई नाही हसल्या. "विल्यम पेली या इंग्रज धर्मगुरूने १८०२ साली घड्याळाचंच उदाहरण देऊन हे मांडलंय. तरुणपणी डार्विनलाही ते पटलं होतं. बाबांना सांग, प्रश्न लहान नाही. पण घड्याळाला पिल्लं होतात का? ज्याला होतात, आणि प्रत्येक पिल्लू थोडं वेगळं निपजतं, त्याचा हिशेब निराळा."

मग वहीवर डावीकडे फुली, उजवीकडे ठिपका काढायला लावला. डावा डोळा मिटून फुलीकडे बघत वही हळूहळू जवळ आणली, आणि ठिपका गायब! अख्खा वर्ग ओरडला.

शनिवारी बाई भाऊच्या धक्क्यावरून माकूल, म्हणजे स्क्विड, घेऊन आल्या. कापून त्याचा डोळा दाखवला. आपल्या डोळ्यात मज्जातंतू दृष्टिपटलाच्या पुढून येतात आणि एका जागी ते भेदून मेंदूकडे जातात. त्या जागी दिसत नाही, तोच अंधबिंदू. माकलाचे तंतू मागूनच निघतात, त्याला अंधबिंदू नाही. "पूर्वजांकडून जे आलं त्यातच फेरफार होत जातात," बाई म्हणाल्या, "कोरा कागद कुणालाच मिळत नाही."

घरी सांगितलं. बाबा डोळ्याला भिंग लावून बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "डायलवरून तारा कोण नेईल?" एवढंच. त्यांची पूजा शेवटपर्यंत चुकली नाही, आणि बाईंनीही देवाबद्दल कधी शब्द काढला नाही.

मी सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळलो ते त्या शनिवारमुळे. गेली तीस वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे. प्रतिजैविकाच्या चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, तिथे स्वच्छ वलय उमटतं. काही जंतूंची ही वलयं वर्षागणिक आक्रसत गेलेली मी स्वतः मोजली आहेत. औषधातून जे तगले, त्यांचीच प्रजा वाढली. अमेरिकेत डोव्हर गावच्या शाळेत 'इंटेलिजंट डिझाइन', म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान रचनाकाराने घडवले ही मांडणी, शिरवण्याविरुद्ध ११ पालक कोर्टात गेले, तेव्हा जंतूची शेपटी फिरवणारी मोटर टप्प्याटप्प्याने घडूच शकत नाही असा युक्तिवाद झाला. पण त्या मोटरच्या काही भागांशी नातं सांगणारी सुई प्लेगच्या जंतूतही आहे, तिथे तिचं काम वेगळंच; म्हणजे मोटरचे काही भाग एकटेही उपयोगी पडतात. २० डिसेंबर २००५ला न्यायाधीश जोन्स यांनी १३९ पानांत निकाल दिला, हे विज्ञान नव्हे. तो वाचताना मला बाईंचाच आवाज ऐकू येत होता.

२०२३मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली, तेव्हा जेवण गेलं नाही. आपल्या राज्याच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पाठ आहे, त्याचं समाधान वाटतं.

निमंत्रण आल्यावर बाईंना डोंबिवलीला फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, "प्रयोगशाळेतलं ते दगडी टेबल आहे ना रे?" मागच्या महिन्यात मी बघून आलो होतो. तिथे आता मोठा पडदा लावलाय, टेबल काढलंय. बाईंना सांगवलं नाही.