काळ्या पडद्यावर मराठी मोजताना: माझा अनुभव

एम.ए. भाषाशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आमच्या गटाचा प्रकल्प होता कोकणातल्या भातशेतीच्या शब्दांवर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या काही गावांत आम्ही शेतकऱ्यांशी बोललो, ते बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि मग जसंच्या तसं टाइप केलं. दाढ, तरवा, लावणी, झोडणी, उडवी, इरलं हे शब्द त्यात सगळीकडे विखुरलेले होते. कोणता शब्द कोणत्या गावात किती वेळा येतो याचा तक्ता हवा होता. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "हे हाताने मोजत बसू नका. टर्मिनल शिका." टर्मिनल म्हणजे टाइप केलेल्या आज्ञांनी संगणक चालवायची काळी खिडकी. विभागातल्या संगणकांवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली होतीच, आणि संगणकशास्त्राचे एक सर आम्हाला शिकवायला तयार झाले.

आमच्यापैकी बहुतेकांच्या हातात आलेलं पहिलं यंत्र म्हणजे मोबाइल. मोबाइलवर फाइल कुठे आहे हा प्रश्न कधी पडतच नाही. फोटो गॅलरीत दिसतात, आवाज रेकॉर्डरमध्ये सापडतो, बाकी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यामुळे सरांनी "फाइल कुठे ठेवलीस?" असं विचारलं की उत्तर यायचं, "वर्डमध्ये." फाइल असते फोल्डरमध्ये, वर्ड ती फक्त उघडून दाखवतं, हे मनात नीट बसायला वेळ लागला. माझं ठाम मत आहे की तो वेळ द्यायलाच हवा. आज्ञांची यादी पाठ करायला लावणाऱ्या वर्गात मुलं नेमकी इथेच मागे पडतात, आणि मग "हे आपलं काम नाही" असं म्हणून कायमची सोडून देतात.

सरांनी सुरुवात तीनच आज्ञांनी केली. पीडब्ल्यूडी दिली की आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते कळतं, एलएसने तिथे काय काय आहे ते दिसतं, आणि सीडीने दुसरीकडे जाता येतं. प्रत्येक वेळी आधी कागदावर फोल्डरांचं झाड काढायचं आणि मगच आज्ञा द्यायची, हा त्यांचा नियम होता. अगदी वर एक तिरकी रेघ, म्हणजे मूळ. तिच्याखाली होम, होमखाली आपलं नाव, त्याखाली प्रकल्प. तिरक्या रेघेने सुरू होणारा पत्ता म्हणजे पोस्टाच्या पाकिटावरचा पूर्ण पत्ता, कुठूनही टाका, पोचणारच. दोन टिंबांनी सुरू होणारा पत्ता आपण या क्षणी कुठे आहोत त्यावर ठरतो. हे चित्र डोक्यात आलं आणि "अशी फाइल किंवा फोल्डर नाही" या संदेशाची भीती गेली. तो संदेश आला की मी पीडब्ल्यूडी देऊन बघते, आणि बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं.

नावांची शिस्तही तेव्हाच लागली. "मुलाखत 1 अंतिम" अशा नावात जागा सोडली की टर्मिनलला ती तीन वेगळी नावं वाटतात, म्हणून जागेऐवजी खालची रेघ. इंग्रजी नावात मोठी आणि छोटी अक्षरं वेगळी धरली जातात. नावाची पहिली दोन-तीन अक्षरं देऊन टॅब दाबला की उरलेलं नाव आपोआप पूर्ण होतं, आणि पूर्ण झालं नाही तर आपण चुकीच्या जागी असू शकतो हेही लगेच कळतं. आरएमने उडवलेली फाइल कचरापेटीत जात नाही, ती गेलीच. गावच्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं पुन्हा मिळेल याची खात्री नसते. म्हणून सरांनी आधी सगळ्या मूळ फाइलींची वेगळ्या फोल्डरमध्ये प्रत करून सीएचमॉडने त्या फोल्डरवरचा आणि आतल्या फाइलींवरचा लिहिण्याचा अधिकार काढून टाकायला लावला. मग पुढचं सगळं काम निर्धास्त झालं.

घरी संगणक नसलेल्या मैत्रिणींनी मोबाइलवर टर्मक्स हे टर्मिनल देणारं अ‍ॅप घेऊन सराव केला. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजातही आहेत. ते थांबवत थांबवत, सोबत टाइप करत ऐकले की फार उपयोगी पडतात.

खरी गंमत आली फाइलीच्या आत डोकावल्यावर. फाइल नावाचीच एक आज्ञा आहे, ती समोरची वस्तू नेमकी काय आहे ते सांगते. गटातल्या प्रत्येकाने दिलेली फाइल वेगळी निघाली. कुणाची साधी मजकूर-फाइल होती, कुणाची वर्डची डॉकएक्स. डॉकएक्स ही मुळात झिप केलेली गाठोडी असते, म्हणून फाइलीतला मजकूर दाखवणाऱ्या कॅटने उघडली की पडद्यावर अगम्य चिन्हं येतात. सुरुवातीची पी आणि के ही दोन अक्षरं मात्र वाचता येतात, ती झिपचा जनक फिल कॅट्झ याची आद्याक्षरं. एका जुन्या शब्दसूचीत मराठी दिसतच नव्हतं, नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं, कारण ती युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेली होती. तिथे मराठी अक्षर फाँटच्या चित्रात होतं, फाइलमध्ये नव्हतंच. अशा फाइलीत शब्द शोधणाऱ्या ग्रेप या आज्ञेने "तरवा" कधीच सापडणार नाही. ती आम्ही युनिकोडमध्ये बदलून घेतली.

विंडोजवर केलेल्या फाइलींत ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह असतं. त्यामुळे ओळीच्या टोकाला आलेला "तरवा" आणि ओळीच्या मधला "तरवा" वेगवेगळे मोजले जातात. डॉसटूयुनिक्स चालवली की तो प्रश्न मिटतो.

मग मोजणी. सरांनी फळ्यावर "मराठी" लिहून विचारलं, यात किती अक्षरं? आम्ही म्हटलं, तीन. डब्ल्यूसी या मोजणाऱ्या आज्ञेला विचारलं तर चिन्हं मोजताना तिने सहा सांगितले आणि बाइट मोजताना सोळा. म, र, काना, ठ, वेलांटी ही युनिकोडच्या हिशेबाने पाच चिन्हं, आणि ओळ संपल्याचं एक. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या युनिकोड साठवायच्या पद्धतीत तीन बाइट, म्हणजे साठवणुकीची तीन घरं, घेतं, म्हणून पंधरा, अधिक ओळीचा एक. यूटीएफ-8 ची रचना 1992 मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी केली, आणि याच थॉम्पसनने 1969 मध्ये डेनिस रिची आणि इतर सहकाऱ्यांसोबत बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत युनिक्सची, म्हणजे लिनक्स जिच्या धर्तीवर बनलं त्या प्रणालीची, सुरुवात केली होती. टीआर ही चिन्हं बदलणारी किंवा काढणारी आज्ञा उबुंटूवर बाइटनिशी काम करते. मुलाखतींत आलेल्या ओव्यांमधला दंड (।) काढायला ती वापरली तर दंडाचे तीनही बाइट जिथे जिथे असतील तिथून जातात आणि सगळा मजकूर मोडतो. म्हणून दंडासाठी सेड, जी मजकुरात शोधून बदल करते. टीआर आम्ही फक्त शब्दांमधली जागा नव्या ओळीत बदलायला वापरली.

एका ओळीत एक शब्द झाला की सॉर्टने क्रम लावायचा, मग युनिकने सारखे शब्द मोजायचे, मग पुन्हा सॉर्ट. पहिलं सॉर्ट आवश्यकच, कारण युनिक फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करते. एका आज्ञेचं उत्तर उभ्या रेघेने पुढच्या आज्ञेच्या हाती द्यायचं, ही कल्पना बेल लॅब्जमधल्याच डग मॅकिलरॉय यांची, 1973 साली युनिक्समध्ये आलेली. आमच्या मुलाखती त्या रेघांमधून वाहत गेल्या आणि पडद्यावर शब्दांची उतरती यादी उभी राहिली, तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच.

यादीत एक गोष्ट मात्र खटकत होती. "शेतकऱ्यानं" दोनदा येत होतं, वेगवेगळ्या आकड्यांसह. "वाऱ्यावर"चंही तेच. डोळ्यांना तिळमात्र फरक दिसत नव्हता. सरांनी एक्सएक्सडी दाखवली, जी फाइलीचे बाइट उघडे करून दाखवते. एकाने टाइप केलेला ऱ हे युनिकोडचं स्वतंत्र अक्षर होतं, तर दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असं लिहिलं होतं. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. प्रत्येकाचा कीबोर्ड निराळा, हे कारण. सेडने सगळीकडे एकच रूप केलं आणि आकडे जुळले. मराठीत मजकूर गोळा करणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी करावी असं मी कळकळीने सांगेन, कारण ही चूक संगणक आपणहून कधीच दाखवत नाही.

क्रमाचंही बघावं लागतं. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत ह नंतर. त्यामुळे नुसत्या बाइटच्या क्रमाने लावलं तर "काळा" आधी आणि "कावळा" नंतर येतो, शब्दकोशाच्या उलट. छापायच्या यादीत आम्ही ते हाताने तपासलं.

सगळ्या आज्ञा आता एका स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलीत, ठेवल्या आहेत. नवीन गावच्या मुलाखती फोल्डरमध्ये टाकल्या की तक्ता नव्याने तयार होतो, आणि पहिल्या वर्षाची मुलं ते आपापलं करतात. ग्रेपला "तरव" एवढंच दिलं की तरवा, तरव्याला, तरव्यात ही सगळी रूपं सापडतात. पण "दाढ" दिलं की दाढीही येते. विभक्तीची रूपं मूळ शब्दाखाली नीट आणण्यासाठी व्याकरणाचे नियम लिहावे लागणार, आणि त्यासाठी आम्ही दोघी-तिघींनी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला सुरुवात केली आहे.