एक छेद ई

गुरुवार, रात्र

जेवणं आटोपल्यावर पुन्हा तोच प्रश्न काढून बसलो. एरवी आपण कणांमधलं विभव (परस्परक्रियेची ऊर्जा) ठरवतो, गिब्ज माप (त्या ऊर्जेवरून प्रत्येक कणरचनेची संभाव्यता) लिहितो आणि सहसंबंध फलनं (कणांच्या जागांची एकमेकांशी सांगड) काढत बसतो. इथे उलटं: घनता आणि जोडी-सहसंबंध (अमुक अंतरावर दोन कण सापडण्याचं प्रमाण; कण एकमेकांपासून स्वतंत्र असले तर १) आधीच हातात दिलेत, अशी कणरचना असू तरी शकते का?

सर्वांत साधं उदाहरण धरलं. सरळ रेषेवरचे कण. कोणतेही दोन एका एककापेक्षा जवळ नाहीत, त्यापलीकडे जोडी-सहसंबंध सपाट १. पहिली चाळणी म्हणजे स्ट्रक्चर फॅक्टर (जोडी-सहसंबंधातून निघणारं, घनतेतल्या चढउतारांचं माप) ऋण होता कामा नये. त्यातून घनतेची मर्यादा ०.५ येते. पण तेवढ्याने रचना मिळत नाही, फक्त नकार टळतो.

मग रिन्यूअल प्रक्रिया घेतली, म्हणजे शेजाऱ्यांमधलं प्रत्येक अंतर स्वतंत्र, एकाच वितरणातलं. (कॉस्टिन आणि लेबोविट्झ यांनी २००४ मध्ये असले प्रश्न घेतले होते, मला ते हाताने करून बघायचं होतं.) लाप्लास रूपांतर (समीकरण सोपं करणारी गणिती युक्ती) लावल्यावर जे उरलं ते बघून हसूच आलं. अंतर अमुकपेक्षा मोठं असण्याची संभाव्यता ज्या वेगाने घटते, तो वेग म्हणजे घनता गुणिले त्याच संभाव्यतेची एक एकक आधीची किंमत. चक्क विलंब समीकरण! घातांकी उत्तर (घटण्याचा दर लॅम्डा) घालून पाहिलं, तर घनता लॅम्डा गुणिले ई चा (ई म्हणजे साधारण २.७१८) उणे लॅम्डा घात एवढी हवी. त्याची कमाल लॅम्डा १ असताना, १/ई. म्हणजे साधारण ०.३६८. त्यापुढे उत्तर हेलकावे खातं आणि संभाव्यता ऋण होते.

०.३६८ ते ०.५ मधल्या पट्ट्यात त्यामुळे एवढंच कळतं की ही वाट बंद आहे. दुसरी कुठली रचना तिथे नाहीच, असं यातून निघत नाही.

गिब्जचं म्हणाल तर १/ई पर्यंत अंतराची संभाव्यता-घनता एककापलीकडे धन राहते. तिचा उणे लॉगरिदम हेच शेजाऱ्यांमधलं विभव, म्हणून गिब्ज माप मिळालंच. पण हे विभव फक्त लगतच्या शेजाऱ्यापुरतं. द्रवाचा अभ्यास करणाऱ्याला प्रत्येक जोडीवर चालणारं विभव हवं असतं. असं विभव असलंच तर, स्थिरांक सोडून, ते एकच असणार, हे हेंडरसनने १९७४ मध्ये दाखवलं. एकमेवता लवकर हाती आली, अस्तित्व दाखवताना मात्र घाम फुटतो. असं विभव असतं हे दाखवणारा कोरालोव्हचा २००५ चा निकालही कमी घनतेपुरताच आहे.

उद्या हीच अट जाळीवर (कण फक्त समान अंतरावरच्या ठरावीक जागांवर) घालून बघणार. तिथे लाप्लासऐवजी साधी घातश्रेणी पुरेल.