चांदरच्या घरातली पुस्तकांची खोली

पणजीला आझाद मैदानाच्या कडेला इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाची इमारत आहे. गोव्यात मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाने तिथे एकदा तरी हजेरी लावलेलीच असते. कविसंमेलन, व्याख्यान, पुस्तक प्रकाशन, काही ना काही चालू असतंच. मी अकरावीत असताना पहिल्यांदा गेले. आत शिरताच भिंतभर निळ्या-पांढऱ्या फरश्या, त्यांवर वास्को द गामाच्या सफरीचे प्रसंग. ही संस्था १८७१ साली निघाली तेव्हा तिला नावही वास्को द गामाचंच होतं. गोवा मुक्त झाल्यावर, १९६३ साली, ते बदलून मिनेझिस ब्रागांझांचं दिलं. फरश्या राहिल्या, नाव बदललं. हे नाव मी पत्रिकांवर ‘स्थळ’ म्हणून शेकडो वेळा वाचलं असेल, पण हा माणूस कोण, हे कितीतरी वर्षं कुणाला विचारलं नव्हतं.

विचारलं ते गेल्या आषाढात, माझ्या काकांना. काका ८४ वर्षांचे. फोंड्यात वाढले, पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे प्राथमिक शिक्षणाच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत, शिकले आणि पुढे जन्मभर मराठी शिकवलं. माझा प्रश्न ऐकून ते काहीच बोलले नाहीत. उठले, कपाटातून जाड पुठ्ठ्याची एक वही काढली आणि मधलं पान उघडून माझ्यासमोर धरलं. निळ्या शाईत, वळणदार अक्षरात एक लांबलचक पोर्तुगीज वाक्य. खाली तारीख: ४ जुलै १९३०.

“हे वाक्य ज्याने लिहिलं त्याचं घर चांदरला अजून उभं आहे,” काका म्हणाले. “मी एवढी वर्षं जाईन जाईन म्हणतोय. नेतेस, बाय?”

रविवारी सकाळी निघालो. बोरीचा पूल ओलांडला तेव्हा जुवारी तुडुंब भरून वाहत होती, पाण्याचा रंग चिऱ्यासारखा लाल. पुढे राय, मग कुडतरी. कुडतरीची तळी काठोकाठ भरली होती आणि दोन्ही बाजूंच्या शेतांत लावणी चालली होती. काकांनी काच खाली केली आणि तसाच पाऊस अंगावर घेत बसले. मी काही म्हटलं नाही.

चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर. भोजांची राजधानी, पुढे कदंबांचीही. आज गावात शिरताना त्याची काही खूण दिसत नाही. ती बघायची तर कोटाच्या बाजूला जावं लागतं. तिथे एका जुन्या देवळाचा पाया आणि डोकं नसलेला दगडी नंदी आहे. १९२९ साली इतिहास-संशोधक फादर हेरास यांनी इथे उत्खनन केलं होतं. आम्ही पाच मिनिटं थांबलो. नंदीच्या पाठीवरून पाणी ओघळत होतं. काकांनी चप्पल काढून नमस्कार केला आणि आम्ही परत गाडीत बसलो.

मिनेझिस ब्रागांझांचं घर शोधावं लागत नाही. चर्चसमोरच्या मोकळ्या जागेत आलात की समोर घरच घर दिसतं. दोन मजली, कौलारू आणि इतकं लांब की एका नजरेत मावत नाही. वरच्या मजल्यावर खिडक्यांची एकच ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली. काकांनी छत्री टेकत टेकत सगळ्या मोजल्या. चोवीस भरल्या. मग मागे फिरून पुन्हा मोजल्या, पुन्हा चोवीसच.

घर एक, पण कुटुंबं दोन. मधल्या जिन्याने वर गेलं की एका हाताला पेरेरा ब्रागांझांचा भाग, दुसऱ्या हाताला मिनेझिस ब्रागांझांचा. दोन्हीकडे घरचीच माणसं राहतात आणि आल्या-गेल्याला घर दाखवतात. ठरलेलं तिकीट नाही, आपण द्यायचं ते देणगी म्हणून द्यायचं. एवढं अवाढव्य घर त्यातून आणि पदरमोड करून सांभाळलं जातं. पावसाळ्यात कौलारू घर राखणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरावर कौलं आहेत त्यालाच कळेल. दर वैशाखात कौलं परतायची, वासे ठोकून बघायचे, वाळवीची रेघ दिसली की रात्रीची झोप जाते. आमच्या फोंड्याच्या घराला चार खोल्या होत्या, तरी आजी पहिल्या पावसाला पातेली घेऊन फिरायची. इथे चोवीस खिडक्यांमागे किती खोल्या असतील!

पूर्वेकडचा, म्हणजे पेरेरा ब्रागांझांचा, भाग आम्ही आधी पाहिला. नृत्याचं भव्य दालन, बेल्जियन काचेची झुंबरं, इटलीहून आणलेला संगमरवर, पोर्तुगालचा राजा दों लुईस याने या कुटुंबाला भेट दिलेल्या उंच पाठीच्या दोन खुर्च्या. घरातच एक देवघर आहे, म्हणजे कापेल, आणि त्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं नख रत्नजडित पेटीत जपून ठेवलेलं आहे. लोक मुख्यतः हे बघायला येतात आणि ते बघण्यासारखं आहेच. पण आम्ही ज्यासाठी आलो होतो ते जिन्याच्या दुसऱ्या बाजूला होतं.

“येयात, भितर येयात,” म्हणत घरातल्या एका वयस्क बाईंनी आम्हाला मिनेझिस ब्रागांझांच्या भागात घेतलं. काकांनी त्यांना पोर्तुगीजमधून नमस्कार केला. साठेक वर्षांत ही भाषा त्यांच्या तोंडून मी ऐकलीच नव्हती. बाईंचा चेहरा एकदम उजळला. त्या थोडं पोर्तुगीज, थोडं कोंकणी बोलत होत्या, काका तसंच उत्तर देत होते, आणि चिनी मातीची भांडी, तसबिरी, नक्षीच्या खुर्च्या ओलांडत आम्ही पुस्तकांच्या खोलीत आलो.

सुमारे ५,००० पुस्तकं. गोव्यातला सर्वांत मोठा खासगी ग्रंथसंग्रह म्हणून याचं नाव घेतात. काचेची दारं असलेली उंच कपाटं, आत चामडी बांधणीचे खंड. बाईंनी खिडकीचं एक दार ढकललं तसा पावसाळी उजेड आत आला आणि पुस्तकांच्या कण्यांवरची सोनेरी अक्षरं दिसायला लागली. काही ठिकाणी सोनं गेलेलं, नुसता ठसा उरलेला. काका काचेला नाक लावून वाचत होते. फ्रेंच, पोर्तुगीज, मधेच इंग्रजी. कायदा, इतिहास, तत्त्वज्ञान. एका खंडाच्या कण्याची शिवण उसवली होती आणि आतले पिवळे दोरे लोंबत होते. त्या दोऱ्यांकडे मी बराच वेळ बघत राहिले. हे पुस्तक कुणीतरी पुन्हा पुन्हा उघडलं होतं.

ही पुस्तकं ज्यांनी जमवली ते लुईस द मिनेझिस ब्रागांझा १८७८ साली जन्मले, याच चांदर गावात. हातात जमीनजुमला, घरात झुंबरं, तोंडी राज्यकर्त्यांची भाषा. अशा माणसाला सरकारशी भांडायचं काहीच कारण नव्हतं. त्यांनी पत्रकारिता धरली. १९०० साली मेसियास गोमिश यांनी ‘ओ हेराल्दो’ हे गोव्यातलं पहिलं पोर्तुगीज दैनिक काढलं, त्यात ते होते. १९११ साली त्यांनी स्वतःचं ‘ओ देबात’ सुरू केलं. पुढे ‘प्रकाश’मधून लिहीत राहिले.

आम्हा हिंदू घरांच्या दृष्टीने या माणसाचं मोल वेगळंच आहे. १९१० पर्यंत पोर्तुगालमध्ये राजेशाही होती आणि कॅथलिक हा राज्याचा धर्म होता. तोवर हिंदूंना सरकारी नोकरीचे दरवाजे जवळजवळ बंदच. प्रजासत्ताक आलं आणि ते उघडले. माझे पणजोबा त्यानंतरच कचेरीत कारकून म्हणून लागले. आमच्या घरात पहिला पगार आला तो तेव्हा. मिनेझिस ब्रागांझा जन्माने ख्रिस्ती, विचाराने कुठल्याच धर्माचे नव्हेत, आणि हिंदूंना बरोबरीचे हक्क हवेत म्हणून ते पोर्तुगीजमधून, म्हणजे ज्यांनी वाचायला हवं त्यांच्याच भाषेत, लिहीत होते. पणजोबांनी त्यांना कधी पाहिलं होतं की नाही, काकांना ठाऊक नाही. पण घरात नाव आदराने घेतलं जायचं, एवढं त्यांना आठवतं.

१९२६ साली लिस्बनमध्ये लष्कराने सत्ता घेतली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. मग १९३० साली सालाझारने, जो पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा झाला, ‘आक्तु कोलोनियाल’ आणला, वसाहतींचा कायदा. तोवर गोवा कागदोपत्री पोर्तुगालचा प्रांत होता, आता वसाहत झाला. या कायद्यातलं दुसरं कलम सांगतं की समुद्रापलीकडचे प्रदेश ताब्यात ठेवणं, तिथे वसाहती करणं आणि तिथल्या मूळच्या लोकांना सुसंस्कृत करणं हे पोर्तुगीज राष्ट्राच्या ‘एसेंसिय ऑर्गानिका’तच आहे. म्हणजे त्याच्या अंगभूत स्वभावातच, त्याच्या गाभ्यातच.

पुस्तकांच्या खोलीत बाईंनी दिलेल्या खुर्चीवर बसून काकांनी वही उघडली आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं. ४ जुलै १९३० रोजी सरकारी परिषदेत मिनेझिस ब्रागांझांनी मांडलेल्या ठरावातलं ते वाक्य. काका एकेका शब्दावर थांबून मला मराठीत सांगत गेले: सर्व जनसमूहांना आपलं व्यक्तिमत्त्व पूर्णत्वाला नेण्याचा, आणि पुढे आपलं भवितव्य आपण चालवू शकतील असे घटक होण्याचा जो हक्क आहे, त्याचा पोर्तुगीज इंडिया त्याग करत नाही, कारण तो तिच्या अंगभूत गाभ्यातूनच आलेला मूळचा हक्क आहे.

“शेवटचे दोन शब्द बघ,” काकांनी वहीवर बोट ठेवलं. “एसेंसिय ऑर्गानिका. कायद्यातलेच शब्द! तुम्ही म्हणता राज्य करणं तुमच्या रक्तात आहे? मग स्वतंत्र होणं आमच्या रक्तात आहे. त्यांचंच हत्यार घेतलं आणि त्यांच्यावर उलटवलं.”

मला हे ठाऊक नव्हतं. ठराव मांडला, विरोध केला, एवढं पुस्तकात वाचायला मिळतं. पण विरोध करताना माणसाने शब्द कसे निवडले असतील, कोणत्या टेबलाशी बसून, कुठलं पुस्तक उघडून, हे त्या खोलीत बसल्यावर डोळ्यांपुढे आलं. ज्याने सालाझारची भाषा त्याच्यापेक्षा बारकाईने वाचली होती, त्यालाच हे जमणार. ती भाषा ज्यांत वाचली ते खंड समोरच्या काचेआड होते. १९३० साली, गोवा मुक्त व्हायला अजून ३१ वर्षं असताना, राज्यकर्त्यांच्या सभागृहात उभं राहून हे बोलायचं म्हणजे छाती हवी.

पुढचं फार लांबवत नाही. सेन्सॉरचा फास आवळत गेला, ‘प्रकाश’ बंद पडला आणि १० जुलै १९३८ रोजी ते गेले. सांगतात की त्यांच्या थडग्यावर लोक जमतील या धास्तीने सरकारने तिथे पहारा बसवला होता. कन्या बेर्ता पुढे मुक्तिलढ्यात उतरल्या. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा, म्हणजे टी. बी. कुन्हा, हेही याच गोतावळ्यातले आणि जन्मही चांदरचाच, १८९१ चा. १९२८ साली गोवा काँग्रेस कमिटी त्यांनी स्थापन केली, १९४६ च्या चळवळीत पकडले गेले, लष्करी न्यायालयासमोर उभे केले गेले आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात कैदेत पडले. त्यांचं स्मारक पणजीच्या आझाद मैदानात आहे, इन्स्टिट्यूटपासून चार पावलांवर. नातेवाईक मरणानंतरही शेजारी येऊन राहिले, असं मला उगीच वाटतं.

आम्ही खोलीत असतानाच पर्यटकांचा एक घोळका आला. कपाटांकडे बघत, बोलत बोलत, मिनिटभरात पुढच्या दालनात गेला. मला फार वाईट वाटलं. त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. खोलीत काय घडलं याची एक पाटीसुद्धा नाही. ठराव तिथे टांगायला हवा, मूळ पोर्तुगीजमध्ये, आणि खाली मराठी, कोंकणी, इंग्रजी. शाळांच्या सहली समुद्रावर जातात, किल्ल्यावर जातात, इथेही यायला हव्यात. आणि पुस्तकांचं काय? पावसाळ्याची दमट हवा कपाटाच्या दाराला जुमानत नाही. एका खंडाच्या कडेला बुरशीची पांढरी पूड धरली होती. बाईंनी ती आमच्या देखत पदराने हळूच पुसली आणि म्हणाल्या, ऊन पडलं की खिडक्या उघडतो, पण यंदा ऊन कुठे आहे! एका कुटुंबाने पदराने पुसून किती पुसायचं? हा ठेवा सगळ्या गोव्याचा आहे.

निघताना काकांनी देणगीच्या पेटीत पाकीट टाकलं. किती होते मी विचारलं नाही. जिना उतरताना बाईंनी त्यांचा हात धरला होता आणि दोघं अजून बोलतच होते.

परतताना कुडतरीच्या तळ्याकाठी गाडी थांबवली. पाऊस उघडला होता, पाण्यात कमळाची पानं होती आणि पलीकडे लावणीच्या बायका घरी निघाल्या होत्या. काकांनी वही माझ्याकडे दिली. “मराठी खाली उतरवून ठेव. माझ्यानंतर हे वाचणार कोण?”

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. ‘भवितव्य’वर ते अडले. नशीब नको म्हणाले, नशीब आपल्या हातात नसतं. भवितव्यच लिही. मग मी पूर्ण वाक्य वाचून दाखवलं. ‘त्याग करत नाही’पाशी त्यांनी हात वर केला.

“खोड ते. त्याग चांगल्या कामासाठी करतात, बाय. हक्काचा त्याग नसतो.” थोडा वेळ ते तळ्याकडे बघत राहिले. “सोडत नाही. असं लिही. सोडत नाही.”

मी ‘त्याग करत’ खोडलं आणि वर लिहिलं, सोडत.