एका बटणाला लागलेला अर्धा तास

सकाळपासून तरुण मिशनरींची घरं तपासत फिरलो. लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती चर्चच्या मिशनवर, म्हणजे ठरावीक काळाच्या धर्मसेवेवर, आलेल्या आमच्यासारख्या ज्येष्ठ जोडप्यांकडे हेही काम असतं. ह्यांनी धुराचे अलार्म वाजवून पाहिले, मी स्वयंपाकघर बघितलं.

तिसऱ्या घरातला मुलगा गप्प गप्प होता. मिशनचे २४ महिने, त्यातला जेमतेम एक सरलाय. विचारलं तर म्हणाला, "बरा आहे." शर्टाचं बटण मात्र लोंबत होतं. मी सुईदोरा काढला, तो शेजारी येऊन बसला आणि हळूहळू बोलायला लागला. आईची आठवण येते, रात्री झोप लागत नाही. मी टाके मुद्दाम सावकाश घातले. २०१९ पासून या मुलांना दर आठवड्याला घरी फोन करता येतो, त्याआधी वर्षातून दोनदाच करता यायचा. किती बरं झालं हे!

तोवर ह्यांनी त्याच्यासोबत राहणाऱ्या जोडीच्या मिशनरीला हाताशी घेऊन गळका नळ दुरुस्त केला. निघताना चौघांनी प्रार्थना केली. ती त्या गप्प मुलानेच म्हटली.

आता हे खुर्चीतच झोपलेत, माझे गुडघे ठणकताहेत. उद्या त्याला फोन करून विचारायचंय, झोप लागली का रे बाळा?